कौलांवर कोण चढतं?

पणजीच्या मळा या भागातून एका वाचक भगिनीचं पत्र आलंय. नाव छापू नका म्हणाल्या आहेत. पत्र लांब आहे, त्यातला मुख्य भाग असा:

«मी मूळची कोल्हापूरची. लग्न होऊन पणजीत आले त्याला सोळा वर्षं झाली. आमचं घर मळ्यात, आजेसासऱ्यांनी पोर्तुगीज काळात घेतलेलं. चिऱ्याच्या भिंती, मंगळुरी कौलं, पुढे बाल्कांव, म्हणजे बसायची बाकं असलेली ओटी. सकाळी पदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा ऐकून उठायचं, लेक चालत शाळेत जातो, सासूबाई चालत मारुतीच्या देवळात जातात, मी संध्याकाळी पाटोवरच्या सेंट्रल लायब्ररीत. माहेरच्यांना हेवा वाटतो.

पण आता कंटाळा आलाय. पावसाची झड आणि भरती एकत्र आली की दारात पाणी. गाडी लावायला जागा नाही. रस्ता एकदा खणतात, बुजवतात, पुन्हा खणतात. मागच्या भिंतीला ओल धरून रंगाचे पापुद्रे पडतात. मे महिन्यात सासूबाईंनी पायरीवर सोलं (कोकमं) वाळत घातली होती, तर लग्नाआधीचे फोटो काढायला आलेल्या एका मुलीनं ‘आँटी, हे जरा बाजूला करता का, फोटोत येतंय’ असं सांगितलं. सासूबाईंनी मुकाट्यानं सूप आत नेलं. मला इतका राग आला!

यजमान म्हणतात, मांडवीपलीकडे पर्वरीत तीन बेडरूमचा फ्लॅट बघू. दीर मुंबईला असतात, ते म्हणतात विकून टाका. नणंद मडगावला, ती म्हणते तुम्ही ठरवाल ते. सासूबाई काही बोलत नाहीत. एक जण पुढची खोली कॅफेसाठी भाड्यानं मागतोय. यजमान रविवारी कौलांवर नाहीतर पाण्याच्या मोटारीशी असतात, त्यामुळे नीट बोलणंही होत नाही. गंमत म्हणजे घरात सगळ्यात जास्त कुरकुर मीच करते आणि जायचं नाव निघालं की रडतेही मीच. काय करावं?»

— मळ्यातली सून

ताई, तुमच्या पत्रात पदेर, लायब्ररी, खाडी, शेजारपाजार यांना मिळून दीड पान मिळालंय आणि यजमानांना दीड ओळ. मला सगळ्यात महत्त्वाची ती दीड ओळ वाटली. ‘रविवारी कौलांवर असतात.’ आणि जाऊया असं म्हणणारा माणूस तोच आहे. त्यांना पणजीचा कंटाळा आलाय असं तुम्ही धरून चाललाय. मला वाटतं, त्यांना शिडीचा कंटाळा आलाय.

जुन्या शहरातल्या घराचं सुख आणि कष्ट घरातल्या माणसांत क्वचितच सारखे वाटले जातात. खिडकीत बसणारा एक, खिडकीच्या बिजागऱ्यांना तेल घालणारा दुसरा. तुम्ही आळशी आहात असं मी म्हणत नाही. घरातलं बाकीचं सगळं तुम्हीच ओढत असाल, ते पत्रातून दिसतंच. पण छप्पर, पन्हळ, मोटार, वाळवी, महापालिकेत खेपा हे खातं सासरे गेल्यापासून एकट्या माणसाकडे आलेलं दिसतंय. त्या खात्याला सुट्टी नाही, आणि कुणी वाखाणतही नाही. छप्पर गळलं नाही तर कुणाच्या लक्षातही येत नाही. गळलं की चौकशी सुरू.

तेव्हा ‘राहायचं की जायचं’ हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. आधी या त्रासांची प्रतवारी करू. काही त्रास शहराचे आहेत, काही घराचे, काही माणसांचे, आणि तुमच्या पत्रात ते एकाच पातेल्यात शिजलेत.

शहराचे त्रास तुम्ही-आम्ही सोडवू शकत नाही, ते समजून घेऊन त्यांच्याशी जमवून घ्यायचं असतं. मळा सखल आहे. आल्तिनोच्या टेकडीवरचं पाणी उतरून तुमच्याकडे येतं, आणि भरती असली की खाडी ते पोटात घेत नाही. बाजूच्या फोंतेन्यासला ज्या झऱ्यावरून नाव पडलं तो झराही या टेकडीच्या पायथ्याचाच. ज्या पाण्यामुळे इथे वस्ती झाली तेच पाणी तुमच्या मागच्या भिंतीत येतंय, हे एकदा ध्यानात घेतलं की निदान नशिबाला बोल लावणं थांबतं. करण्यासारखं इतकंच: भरती-ओहोटीचं वेळापत्रक फ्रिजवर चिकटवा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, त्या दिवसांत संततधार लागली तर गाडी आधीच उंचावर नेऊन लावा, खालची प्लगची बटणं वर चढवून घ्या, फ्रिजला उंच स्टँड करा. जोत्याकडेही बघा. जुन्या गल्ल्यांमध्ये दर डांबरीकरणाला रस्ता थोडा थोडा वर येतो आणि घर होतं तिथेच राहतं. पूर्वी तीन पायऱ्या चढून जायच्या घरात आता दोनच चढाव्या लागतात, हे मी कितीतरी ठिकाणी पाहिलंय. तुमच्या दारात तसं झालं असेल तर उंबऱ्याशी काढता-घालता येणारी फळी बसवून घ्या, सुतार अर्ध्या दिवसात करतो.

खोदकाम, धूळ, गाडी लावायला जागा नसणं, यावर माझ्याकडे औषध नाही. कुणी आहे म्हणालं तर विश्वास ठेवू नका.

घराचे त्रास मात्र वेगळे. यातले निम्मे तरी बरे होतात, फक्त चुकीची औषधं देऊन आपण ते वाढवून ठेवलेले असतात. मागच्या भिंतीची ओल घ्या. माझी पैज आहे की त्या भिंतीला कधीतरी सिमेंटचा गिलावा झालाय. सासऱ्यांच्या हयातीत ‘एकदाच पक्कं करून टाकू’ म्हणून कुणीतरी केला असेल. चिरा हा दगड पाणी ओढतो आणि सोडतो. जुना गिलावा चुन्याचा असायचा, त्यातून भिंतीला श्वास घेता यायचा, पावसाळ्यात ओढलेलं पाणी दिवाळीनंतर बाहेर पडून जायचं. सिमेंटनं ती वाट बंद होते. पाणी आतच वर चढत राहतं, सोबत क्षार आणतं, आणि जिथे वाट मिळेल तिथे फुटतं. ते पांढरं पिठासारखं जे भिंतीवर येतं ते तेच. त्यावर ओल थांबवणारा म्हणून विकतात तो महागडा रंग लावला की दोन वर्षं भिंत छान दिसते आणि मग ओल हातभर वर येऊन पुन्हा पापुद्रे धरते. तो खर्च तुम्ही बहुतेक एकदोनदा केलेला असणार.

उपाय सोपा आहे, पण धीराचा. पाऊस पूर्ण जाऊ द्या. डिसेंबर-जानेवारीत त्या भिंतीचा खालचा कंबरेएवढा गिलावा खरवडून भिंत उघडी करा, दोनतीन महिने नुसती वाळू द्या. दिसायला वाईट दिसेल, पाहुणे विचारतील, विचारू देत. मग चुन्याचा गिलावा, वर चुन्याचाच हात. चुन्याचं काम जाणणारे गवंडी कमी झालेत, पण संपलेले नाहीत. देवळांच्या आणि जुन्या वाड्यांच्या दुरुस्त्या चालतात तिथे चौकशी करा. मात्र बाहेरून काही बदल करणार असाल तर तुमचं घर संवर्धन क्षेत्रात येतं का ते आधी महापालिकेत आणि नगरनियोजनवाल्यांकडे विचारून घ्या. फोंतेन्यासच्या बाजूला बाहेरची रूपरेषा बदलायला परवानगी लागते. साध्या डागडुजीला सहसा कुणी अडवत नाही, तरी कागद हातात असलेला बरा.

आता कौलं. इथे जरा रेंगाळते, कारण तुमच्या घरातलं भांडण माझ्या मते इथे अडकलंय.

एखादं कौल काढून उलटं करून बघा. मागच्या बाजूला कारखान्याचं नाव आणि गाव उठवलेलं असतं. १८६५ साली बासेल मिशन या स्वित्झर्लंडच्या ख्रिस्ती मिशननं मंगळूरला कौलांचा कारखाना काढला, मग त्यांचं बघून इतरांनीही काढले आणि ती कौलं किनाऱ्यानं गोव्यापर्यंत आली. प्रत्येक कारखान्याच्या साच्यात किंचित फरक. त्यामुळे फुटलेल्या कौलाच्या जागी बाजारातलं नवं कौल घालायला जावं तर खाच बसत नाही, एक कोपरा बोटभर उचललेला राहतो आणि नैर्ऋत्येचा पाऊस नेमका तो कोपरा शोधून काढतो. यजमान दर रविवारी वर काय करतात, असं तुम्हाला वाटत असेल, तर ते बहुधा तो कोपरा दाबत असतात. शिवाय रात्री मांजरं उड्या मारून कौलं सरकवतात. शेजारच्या आंब्याची पानं पन्हळीत कुजतात. आणि ओल्या कौलावर पाय सरकतो. यजमान पंचेचाळिशी-पन्नाशीचे असावेत. त्या वयात पावसाळी छपरावर चढणं हे धाडस नव्हे, अविचार आहे. उद्यापासून बंद.

मग करायचं काय? एक: जुनी घरं पाडतात तिथे त्याच शिक्क्याची कौलं मिळतात. कुठे घर उतरवतायत असं कळलं की फोन करा, दोनतीनशे आणून मागच्या पडवीत रचून ठेवा.  दोन: वर्षातून एकदा मिरगाच्या आधी माणसं लावून कौलं परतून घ्यायची. सगळी उतरवायची, रिपा आणि वासे तपासायचे, वाळवी लागलेली रीप बदलायची, पुन्हा चढवायची. ही माणसं मे महिन्यात मिळत नाहीत, कारण तेव्हा सगळ्या गोव्याला ती हवी असतात. फेब्रुवारीत सांगून ठेवावं लागतं, विसार देऊन. तीन, आणि हे सगळ्यात गरजेचं: हे सांगून ठेवणं, विसार देणं, त्यांच्या चहापाण्याचं बघणं तुम्ही तुमच्याकडे घ्या. तुम्ही छपरावर चढायची गरज नाही. फोन करून माणसांच्या मागे लागणं हे चढण्यापेक्षा कटकटीचं काम आहे, आणि आजवर तेही यजमानच करत आलेत.

पैशाचं म्हणाल तर फ्लॅट घेतलात तर दर महिन्याला सोसायटीला देखभाल द्यावी लागेलच. चौकशी करून तो आकडा काढा आणि तेवढे पैसे या महिन्यापासून घराच्या नावानं वेगळ्या खात्यात टाकायला लागा. त्यात दिरांचा आणि नणंदेचाही वाटा हवा. ‘विकून टाका’ म्हणणाऱ्या माणसानं आजवर कौलांना किती दिले, हे विचारायला तुम्हाला संकोच वाटत असेल तर माझा हा कागद त्यांना पाठवा. चवथीला घर हवं, आंब्याच्या दिवसांत घर हवं, मुंबईच्या मित्रांना दाखवायला घर हवं, आणि छप्पर मात्र मोठ्या भावाचं, हा हिशेब मला पसंत नाही.

हिशेबाचं निघालंच आहे तर पुढचं जरा लक्ष देऊन वाचा. तुम्ही कोल्हापूरच्या, तुम्हाला कदाचित माहीत नसेल. इथे वारशाच्या आणि लग्नाच्या बाबतीत अजूनही १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा पाया आहे. वारसाहक्काचा भाग आता २०१२च्या गोव्याच्या कायद्यात आलाय, पण तत्त्व तेच. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते, वाडवडिलांकडून आलेली धरून. म्हणजे सासरे गेले तेव्हा निम्मं घर सासूबाईंचं होतंच. वारस म्हणून नव्हे, मुळातच. उरलेलं निम्मं तीन मुलांत समान, मुलगा-मुलगी भेद नाही. सासऱ्यांना भावंडं नसतील आणि मृत्युपत्र नसेल, तर यजमानांकडे सहावा हिस्सा येतो, आणि तुमच्या लग्नाची नोंद गोव्यात झालेली असेल तर त्यातला निम्मा तुमचा. बारावा हिस्सा. बाल्कांव आणि अर्धा जिना म्हणा हवं तर!

या गणितातून दोन गोष्टी निघतात. पहिली, ‘विकून टाकू’ हे कुणी एकट्यानं ठरवायचं कामच नाही. सगळ्यांच्या, सुना-जावयांसकट सगळ्यांच्या सह्या लागतील. तेव्हा यजमानांनी दलालाकडून किंमत काढून आणली म्हणून रात्रीची झोप उडवून घेऊ नका. दुसरी, निम्म्या घराच्या मालकीणबाई तुमच्या पत्रात एका ओळीत आहेत: ‘काही बोलत नाहीत.’ त्यांना कुणी विचारलंय का? मला वाटतं, विचारलेलं नाही. त्यांच्यादेखत चर्चा चालते, त्या ऐकतात, उठून आत जातात. सोलांचं सूप आत नेलं तसंच.

आणि त्यांच्याच बाजूनं मला जुन्या शहराबद्दल एक गोष्ट सांगायची आहे, जी हेवा वाटणाऱ्या तुमच्या माहेरच्यांना दिसत नाही. रंगीत भिंती, शिंपल्यांच्या खिडक्या, हे सगळं छान आहे, पण जुन्या शहराची खरी श्रीमंती अंतरात असते. सगळं पायाखाली असतं. सासूबाई आज देवळात, दवाखान्यात, मासळी बाजारात, बँकेत, ओळखीच्या बाईकडे हळदीकुंकवाला कुणालाही न सांगता स्वतः जाऊन येतात. पर्वरीला लिफ्ट असेल, सुंदर बाग असेल, पण तिथून देवळात जायचं तर ‘गाडी कधी मोकळी आहे?’ असं सुनेला विचारावं लागेल. पंच्याहत्तरीच्या आसपास ज्यांनी घर बदललं अशा कितीतरी जणींच्या तोंडून मी हे ऐकलंय: फ्लॅटात त्रास काहीच नाही, फक्त बाहेर पडणं राहिलं. तुमच्या लेकाचंही तेच. चालत शाळेत जाणारा मुलगा बसची वाट बघणारा मुलगा होईल. आणि तुमची लायब्ररी! १८३२ साली सुरू झालेलं ग्रंथालय चालत गाठता येतं असं भाग्य देशात किती जणांना आहे?

पण पर्वरीवर अन्याय करायला नको. तिथे छप्पर गळत नाही, दारात भरतीचं पाणी येत नाही, बाल्कनीत कोण नवरी येऊन बसत नाही. आज त्या बाजूला उड्डाणपुलाच्या कामानं वाहतुकीचे हाल आहेत, ते काम कधीतरी संपेल. पूल मात्र रोज ओलांडावा लागेल. आता तीन-तीन पूल आहेत म्हणून त्याचं काही वाटत नाही; १९८६च्या जुलैत जुना पूल मांडवीत पडला तेव्हा बेतीच्या फेरीबोटीच्या रांगेत उभं राहून पर्वरीकरांना पणजी किती लांब आहे ते कळलं होतं. असो, तसं पुन्हा होईल म्हणून मी हे सांगत नाही. पण फ्लॅट बघायला जाल तेव्हा रविवारी दुपारी जाऊ नका. सोमवारी सकाळी साडेआठला पर्वरीहून पणजीला येऊन बघा, आणि संध्याकाळी सहाला परत. दोघांनी.

आणखी एक. यजमानांना जावंसं वाटतं म्हणून ते घराशी बेइमानी करतायत असं मनात आणू नका. सोडून जाणं ही इथली जुनीच रीत आहे. पणजी मोठी झाली तीच मुळी जुन्या गोव्यातल्या लोकांनी रोगराईला कंटाळून गाव सोडलं म्हणून. १७५९मध्ये व्हाइसरॉयनंच मुक्काम इथे हलवला आणि १८४३मध्ये ती रीतसर राजधानी झाली. त्या सगळ्यांच्या घरीही असंच कुणीतरी रडलं असणार. दुसरी बाजू बघायची असेल तर एखाद्या संध्याकाळी जुन्या गोव्याला जाऊन या. चर्चेस भव्य आहेत, त्यांची निगाही राखली जाते, पण शेजारी घरं नाहीत. जपलेलं शहर आणि राहतं शहर यातला फरक तिथे पायी फिरताना कळतो. तुमच्या गल्लीत एकेक घर कॅफे, हॉटेल, दुकान होत चाललंय, तेव्हा हा प्रश्न नुसता तुमच्या घरापुरता नाही. तरीही गल्लीचं गावपण टिकवण्याची जबाबदारी एकट्या तुमच्या यजमानांच्या गुडघ्यांवर टाकता येत नाही.

कॅफेवाल्याचं थोडक्यात. तूर्त नको. हिस्से ठरले नसताना खोली भाड्यानं देणं म्हणजे वारसांत आणखी एक माणूस आणून बसवणं. इथला भाडेकरूंचा कायदा १९६८चा आहे आणि एकदा बसलेल्या माणसाला उठवायला किती वर्षं लागतात ते कुठल्याही वकिलाला विचारा. पुढे कधी द्यायचीच झाली तर लेखी करार, ठरावीक मुदत आणि सगळ्यांच्या सह्या. आणि स्वयंपाकघराचा धूर कुठे जाणार, हे आधी शेजाऱ्यांना सांगून.

फोटोवाल्यांचं. रस्त्यावर उभं राहून घराचा फोटो काढणाऱ्याला अडवता येत नाही, पण पायरी तुमची आहे आणि पायरीवर बसणाऱ्याला उठवता येतं. रागावून उपयोग नाही, ती मुलं दोन तासांकरता आलेली असतात, तुमचा राग मात्र घरातच राहतो. आमच्या ओळखीच्या एका घरात त्यांनी पायरीला पितळी साखळी लावली आणि बाजूला तुळशीच्या कुंड्या ठेवल्या, पाटीबिटी काही नाही. त्यानं फोटो थांबले नाहीत, बसणं थांबलं. तुम्हाला राग आला तो मुळात त्या मुलीचा नव्हता, सासूबाईंनी सूप मुकाट उचललं त्याचा होता, असं मला पत्र वाचताना वाटलं. पुढच्या वेळी सूप उचलू देऊ नका. ‘सोलं वाळायची आहेत, फोटो पलीकडे काढ बाळा’ एवढं हसून म्हटलं तरी पुरतं. आजकालच्या मुलींना सोलं म्हणजे काय हेही माहीत नसतं. विचारलं तर सांगा, ती बहुतेक त्यांचाच फोटो काढेल.

आता निर्णयाचं. आषाढात घर विकायचं ठरवू नये आणि मार्गशीर्षात घर ठेवायचं ठरवू नये. पावसात पणजी जितकी नकोशी वाटते तितकीच डिसेंबरात आठ तारखेच्या फेस्ताला, म्हणजे चर्चच्या उत्सवाला, थंड वाऱ्यात, नको तितकी हवीशी वाटते. दोन्ही वेळी आपण शुद्धीवर नसतो. एक अख्खं वर्ष द्या: भिंत उघडी करण्यापासून कौलं परतण्यापर्यंतचं एक चक्र, पण या वेळी कामं वाटून घेऊन. वर्षअखेर यजमान रविवारी घरात बसून पेपर वाचत असतील आणि तरीही पर्वरी म्हणत असतील, तर ते खरंच शहराला कंटाळलेत. मग तुम्हाला त्यांचं ऐकावं लागेल, निदान त्यावर विचार करावा लागेल. मला वाटतं तसं होणार नाही, पण मी तुमच्या यजमानांना ओळखत नाही.

मधल्या काळात कागद मात्र काढून ठेवा, राहणार असाल तरीही. वाटण्या न झालेलं जुनं घर पुढच्या पिढीला द्यायचं म्हणजे भांडणच देणं. सिटी सर्व्हेचा फॉर्म डी (जागेच्या नोंदीचा उतारा), सासऱ्यांच्या मृत्यूचा दाखला, सासू-सासऱ्यांच्या लग्नाची नोंद, तुमच्या लग्नाची नोंद, आजेसासऱ्यांच्या वेळी इन्व्हेंटरी (वारस आणि मालमत्ता नोंदवून कोर्टात होणारी वाटणी) झाली असेल तर तिचे कागद. एवढं घेऊन वकिलाकडे जा. सगळ्यांचं एकमत असेल तर आपसांत वाटणीपत्र होतं. नसेल तर कोर्टात इन्व्हेंटरी होते, आणि त्यात वारसच घरावर बोली लावू शकतात: ज्याला राहायचंय त्यानं घर घ्यायचं आणि बाकीच्यांना त्यांच्या हिश्श्याचे पैसे द्यायचे. पर्वरीच्या फ्लॅटसाठी जे कर्ज काढणार होतात, तेच इथे वापरता येतं का, हा हिशेब कुणी मांडून बघितलाय असं पत्रातून दिसत नाही. मांडून बघा.

सासूबाईंना विचारायचं ते मुलांसमोर नको. मुलगा समोर असला की मुलाला जे ऐकायचंय तेच त्या बोलतील, आमची पिढी तशीच आहे. भाजी निवडताना, दोघीच असताना विचारा. आणि ‘राहायचं की जायचं’ असं विचारू नका, ‘गणपती कुठे बसवायचा’ असं विचारा. तुमच्या घरचा गणपती या हॉलमध्ये बसतो, तुळयांना माटोळी (गणपतीवरची फळाफुलांची टांगती आरास) बांधली जाते, दीर-नणंद त्यासाठी येतात. फ्लॅटात लोखंडी चौकट करून माटोळी बांधतात, तसं बऱ्याच जणांनी केलंय, त्यात काही वाईट नाही. पण तो प्रश्न विचारला की घरातल्या प्रत्येकाला आपल्याला नेमकं काय सोडायचंय ते बोलावं लागतं.

दिरांशी आणि नणंदेशी बोलायची बैठक याच चवथीला घ्या. चवथीच्या दिवशी नको, कुणाच्या तरी डोळ्याला पाणी येईल आणि मोदक वाया जातील. दीड दिवसाचा गणपती पोचवून आल्यावर संध्याकाळी सगळे दमलेले असतात, चहा घेत बाल्कांवात बसतात, तेव्हा कागदांची पिशवी आणि घराच्या खर्चाची वही बाहेर काढा. वहीत गेल्या पाच वर्षांत छपरावर किती खर्च झाला आणि तो कुणी केला हे लिहिलेलं असू द्या. ते लिहायला यजमानांसोबत बसा, उद्याच बसा, कारण चवथ काही लांब नाही.